आयुक्तांचा आदेश मोडल्याचा खटला : तक्रार कोणाची, हे आधी पाहा

प्रश्न : महापालिका हद्दीत माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आयुक्तांनी शहरात जणू आणीबाणीच जाहीर केली आणि अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. तो मला व्हॉट्सअॅपवर मिळाला होता. २४ एप्रिलला जवळच्या रुग्णालयातील एका रुग्णाच्या नातेवाइकाला कागदपत्रांच्या प्रती हव्या होत्या, म्हणून मी अर्धे शटर वर करून आत गेलो. तेवढ्यात पथक आले. ५,००० रुपये दंड घेऊन पावती दिली आणि दुकानाला सील ठोकले. ते ३८ दिवसांनी निघाले. प्रकरण मिटले असे मी समजत होतो, तर गेल्या महिन्यात न्यायालयाचे समन्स आले. भारतीय दंड संहितेची कलमे १८८ व २६९ आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५१ लावले आहे. दंड भरल्यावर पुन्हा खटला कसा? एका शहराला आणीबाणी लावण्याचा अधिकार महापालिकेला असतो का? मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचे आहे आणि या खटल्यामुळे पासपोर्टचे नूतनीकरण अडले आहे. ओळखीचे एक जण म्हणतात की गुन्हा कबूल करा, हजारभर रुपये भरा आणि मोकळे व्हा. नुकसानभरपाईचेही काही होईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेले कागद दोनदा वाचले. समन्स, दंडाची पावती, पंचनामा, एफआयआर आणि दोषारोपपत्राची पहिली दोन पाने त्यात आहेत. या गठ्ठ्यात जो कागद नाही, तोच आपल्या बचावाचा मुख्य आधार ठरण्याची शक्यता आहे. त्याकडे येतो, पण त्याआधी आणीबाणीचा मुद्दा निकाली काढू, कारण आपल्या पत्राचा अर्धा भाग त्यावर खर्च झाला आहे आणि न्यायालयातला वेळही त्यावरच खर्च होऊ नये असे मला वाटते.

आपल्या राज्यघटनेत आणीबाणीची तरतूद अनुच्छेद ३५२, ३५६ आणि ३६० मध्ये आहे आणि तिन्ही उद्घोषणा राष्ट्रपतींच्याच असतात. महापालिकेने किंवा आयुक्तांनी शहरापुरती आणीबाणी जाहीर करावी, असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही. इतकेच नव्हे, साथीचे नाव पुढे करून कामगारांचे जादा कामाचे संरक्षण काढून घेणाऱ्या अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरात मजदूर सभा प्रकरणात रद्द केल्या, तेव्हा महासाथीने ओढवलेले आर्थिक संकट म्हणजे कारखाने अधिनियमातील सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे स्पष्ट केले होते. मात्र आपल्या आयुक्तांनी ‘आणीबाणी’ जाहीर केलीच नव्हती. आदेशाची प्रत पाहा. हा शब्द त्यात कुठेही नाही. तो बातम्यांनी आणि लोकांच्या बोलण्याने चिकटवला. आदेशाच्या शिरोभागी साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ असा उल्लेख आहे, आणि अधिकार शोधायचा तर तो तिथेच शोधावा लागतो.

१८९७ चा कायदा मुंबईत प्लेग पसरल्यानंतर घाईने केला गेला आणि मूळ स्वरूपात तो जेमतेम चार कलमांचा होता. एका पानावर मावेल एवढा. त्यातील कलम २ राज्य शासनाला साथ रोखण्यासाठी तात्पुरते नियम करण्याचा अधिकार देते. त्या अधिकारात महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये कोविड उपाययोजना नियम अधिसूचित केले आणि आपापल्या क्षेत्रासाठी जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना सक्षम अधिकारी नेमले. म्हणजे आयुक्तांनी वापरलेला अधिकार महापालिकेचा स्वतःचा नव्हता, राज्य शासनाने सोपवलेला होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात त्या वेळी जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी होते आणि महापालिका ही त्यांच्या निर्देशांनुसार काम करणारी स्थानिक संस्था होती. महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद २०२५ च्या दुरुस्तीने आली, तिचा आपल्या प्रकरणाशी संबंध नाही. आदेशात त्रुटी काढता येतील, पण ‘आयुक्तांना अधिकारच नव्हता’ हा युक्तिवाद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे टिकेल असे मला वाटत नाही. तो बाजूला ठेवा.

आता त्या नसलेल्या कागदाविषयी. साथरोग अधिनियमाचे कलम ३ सांगते की या कायद्याखालचा आदेश मोडणे हा दंड संहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा मानला जाईल. कलम १८८ च्या खटल्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५(१)(अ) ने एक दार ठेवले आहे : ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला गेला, त्याने किंवा तो ज्याला प्रशासकीय दृष्ट्या दुय्यम आहे अशा वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊच शकत नाही. ही अट केवळ औपचारिक नसून बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सी. मुनिअप्पन विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सांगितले आहे.

इथे मराठी कायदेभाषेमुळे मोठा गोंधळ होतो. कलम १८८ हा ‘दखलपात्र’ गुन्हा आहे, असे पोलीस आपल्याला सांगतील आणि ते खरेही आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की पोलीस गुन्हा नोंदवू शकतात आणि तपास करू शकतात. न्यायालयाने ‘दखल घेणे’ ही त्यापुढची, निराळी पायरी आहे, आणि कलम १९५ चा अडसर त्या पायरीवर आहे. शब्द एकच असल्याने पक्षकारच काय, कधी कधी नवे वकीलही इथे घसरतात.

आपल्या एफआयआरमध्ये फिर्यादी म्हणून महापालिकेच्या स्वच्छता निरीक्षकांचे नाव आहे. सरकारी पक्ष म्हणेल की फिर्याद लोकसेवकानेच दिली आहे, मग अट पूर्ण झाली. ती दोन कारणांनी पूर्ण होत नाही. पोलीस ठाण्यात दिलेली फिर्याद म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेली ‘तक्रार’ नव्हे. संहितेच्या कलम २(ड) मधील तक्रारीच्या व्याख्येत पोलीस अहवाल येत नाही. दुसरे असे की आदेश आयुक्तांचा होता आणि निरीक्षक त्यांचे कनिष्ठ आहेत, तर कलमाला आयुक्त स्वतः किंवा त्यांच्या वरचा अधिकारी अपेक्षित आहे. म्हणून पहिले काम असे की न्यायालयातून संपूर्ण दोषारोपपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि आयुक्तांची लेखी तक्रार त्यात आहे का ते पाना-पानाने तपासा. कलम ५१ साठीही (निर्देश पाळण्यास नकार देण्याचा गुन्हा) असेच कुंपण आहे : आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६० नुसार प्राधिकरणाची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार लागते, किंवा ३० दिवसांची नोटीस देऊन खासगी व्यक्तीने केलेली.

राहिले कलम २६९, म्हणजे जिवाला धोकादायक रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता असलेली हयगय. त्याला कलम १९५ लागू होत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते जोडले जाते. परंतु ते सिद्ध करायला पुरावा लागतो. आपला पंचनामा म्हणतो : ‘शटर अर्धे उघडे, काउंटरवर एक इसम उभा, मशीन चालू स्थितीत.’ त्या इसमाचे नाव नाही, जबाब नाही, आपण किंवा तो बाधित होता याचा कागद नाही, तोंडाला मुखपट्टी होती की नव्हती याबद्दल एक अक्षर नाही. एवढ्यावरून संसर्ग पसरण्याची शक्यता कशी निघते, हे सरकारी पक्षाला सांगावे लागेल.

मुदतीचा मुद्दा मला याहूनही मजबूत वाटतो. कलम १८८ च्या गंभीर भागाला आणि कलम २६९ ला सहा महिने, तर आपल्याला लावलेल्या कलम ५१ ला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यासाठी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ ने एक वर्षाची मुदत घातली आहे, आणि ती मोजताना दोषारोपपत्र किंवा तक्रार दाखल झाल्याची तारीख धरायची, हे घटनापीठाने २०१३ साली सारा मॅथ्यू प्रकरणात ठरवले. सरकारी पक्ष लगेच बोट ठेवील की सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तो आदेश फौजदारी खटल्याच्या मुदतीला लागू होतो की नाही यावर वाद घालता येईल. पण तो लागू होतो असे क्षणभर मान्य केले, तरी आपले वर्ष १ मार्च २०२२ ला सुरू होऊन २८ फेब्रुवारी २०२३ ला संपते. आपल्या दोषारोपपत्रावर न्यायालयाच्या आवक शिक्क्याची तारीख ऑगस्ट २०२३ ची आहे. न्यायहितासाठी विलंब माफ करण्याचा अधिकार कलम ४७३ मध्ये आहे, मात्र कारणे दाखवून तो मागावा लागतो, आणि मला मिळालेल्या पानांत तसा अर्ज दिसत नाही. पुढची पाने तेवढ्यासाठीही वाचावीत.

हे मुद्दे कुठे मांडायचे? समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या, साध्या पद्धतीने चालणाऱ्या खटल्यात) दोषमुक्तीचा, म्हणजे साक्षीपुरावा होण्याआधीच आरोपीला सोडण्याचा, सरळ टप्पा नसतो, असे सांगून आपल्याला थेट साक्षीपुराव्याकडे ढकलले जाईल. तथापि, आपला खटला पोलीस अहवालावर उभा आहे आणि अशा समन्स खटल्याचे कामकाज कोणत्याही टप्प्यावर थांबवण्याचा अधिकार कलम २५८ प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना देते. मुख्य साक्षीदारांची साक्ष होण्यापूर्वी कामकाज थांबले तर त्याचा परिणाम दोषमुक्तीसारखाच होतो. तो अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. तो फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयाकडे जाता येते, पण तो खर्च आताच करू नका. खटला १ जुलै २०२४ पूर्वी दाखल झालेला असल्याने त्याला जुनीच प्रक्रिया संहिता लागू राहील. कोणी नव्या संहितांच्या वाढीव शिक्षांची भीती घातली तर तिकडे लक्ष देऊ नये.

समांतर आणखी एक दार ठोठावा. टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ चे खटले मागे घेण्याचे धोरण राज्य शासनाने २०२२ मध्ये जाहीर केले होते. त्यानुसार आपले प्रकरण विचारात घ्यावे असा अर्ज पोलीस ठाणे आणि सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) यांच्याकडे लेखी देऊन पोच घ्या. घोषणेने खटला आपोआप संपत नाही. अभियोक्त्याने कलम ३२१ खाली अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. अनेकांनी बातमी वाचली आणि निश्चिंत झाले. आपणही बहुधा त्यांतलेच असाल.

गुन्हा कबूल करण्याच्या सल्ल्यातला मोह मला कळतो. दंड भरला की खटला त्याच दिवशी संपेल आणि पासपोर्टची प्रलंबित खटल्याची अडचणही दूर होईल, हे खरे आहे. पण मिळेल ती दोषसिद्धी, आणि ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना व्हिसाच्या अर्जांत नेहमी आढळतो. ज्या खटल्याची दखल घेण्यालाच हरकत आहे, त्यात स्वतःहून दोषी होऊन कन्येकडे जाताना तो रकाना भरत बसणे मला पटत नाही. पासपोर्टसाठी दुसरा, रीतसर मार्ग उपलब्ध आहे.

पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र केंद्र शासनाच्या २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने यातून सूट दिली आहे : खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाने परदेशी जाण्यास परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने मुदत नमूद केली नाही तर तो एका वर्षासाठीच दिला जातो. म्हणून अर्जात नुसती परवानगी मागू नका. प्रवासाची मुदत आणि नूतनीकरणाचा कालावधी दोन्ही आदेशात लिहून मिळावेत अशी विनंती करा. सोबत कन्येच्या डॉक्टरांचे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे पत्र आणि दुकान व घर इथेच असल्याचे पुरावे जोडा. कलम २५८ च्या अर्जावर निर्णय व्हायला तारखा लागतील. बाळंतपण तारीख पाहून थांबत नाही. हा अर्ज त्यामुळे वेगळा द्यावा.

दंड भरल्यावर पुन्हा खटला कसा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. अनुच्छेद २०(२) चे संरक्षण न्यायालयात किंवा न्यायिक अधिकरणापुढे खटला चालून शिक्षा झालेल्याला मिळते. प्रशासकीय कारवाई म्हणजे तसा खटला नव्हे, हे १९५३ च्या मकबूल हुसेन प्रकरणापासून ठरलेले आहे. पावती तरीही जपून ठेवा. तिच्यावर ‘कारण’ या रकान्यात फक्त ‘नियमभंग’ लिहिले आहे, ना कलम ना आदेशाचा क्रमांक. तपास किती बेफिकिरीने झाला हे दाखवायला ती उपयोगी पडेल.

भरपाईबाबत आशा ठेवू नये. साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन हे दोन्ही कायदे सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतात, आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ७१ दिवाणी न्यायालयाची वाट अडवते, आणि महापालिकेविरुद्धच्या दाव्यासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मधील सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. ३८ दिवसांचे सील मलाही जाचक वाटते. त्यावर दाद मागायची वेळ २०२१ चा मे महिना होती.

शेवटची एक सूचना. आदेश व्हॉट्सअॅपवर आला होता, हे वाक्य आपण मला लिहिले तसे इतरत्र लिहू नका. खोटे बोला असे मी सांगत नाही. पण आदेश रीतसर जाहीर झाला होता आणि तो आपल्याला माहीत होता, हे कलम १८८ मध्ये सरकारी पक्षाने सिद्ध करायचे असते. ते काम आपण त्यांच्यासाठी करण्याचे कारण नाही. तारखेला स्वतः हजर राहा, जामिनासाठी जामीनदार व त्याची कागदपत्रे सोबत ठेवा (गुन्हे जामीनपात्र आहेत), आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारल्यावर ‘कबूल नाही’ एवढेच सांगून आपल्या वकिलांना दोन्ही अर्ज पुढे करू द्या.