डॉक्टर ऐकत नाहीत, गोळ्या बंद करू का?

"मॅडम, डॉक्टर माझं ऐकूनच घेत नाहीत. तुम्हीच सांगा, गोळ्या बंद करू का?" हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो, की आज एका बाईंची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई चित्रकला शिकवतात. बायपोलर आजारासाठी, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी पार खिन्न होतं त्या आजारासाठी, लिथियम आणि ओलान्झापिन ही औषधं चालू होती. वजन वाढलेलं, सकाळी डोकं जड, आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं म्हणजे हाताची थरथर. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांनी विषय काढला की उत्तर एकच, "औषध सोडायचं नाही." शेवटच्या भेटीत आवाज चढले आणि त्या रडतच बाहेर पडल्या.

औषध चालू ठेवा की बंद करा, हे सांगणं माझं काम नाही, हे मी आधीच स्पष्ट केलं. डॉक्टरांशी बोलायचं कसं, यावर मात्र आपण काम करू, म्हटलं. मग विचारलं, "गोळ्या रोज घेता?" त्या बराच वेळ गप्प होत्या. "आठवड्यातल्या दोन-तीन रात्री लिथियम टाळते. घरात कुणालाच माहीत नाही."

भांडणाची गाठ इथे होती. रक्तातली लिथियमची पातळी साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर राखतात आणि त्यासाठी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त घेतात. बाईंची पातळी कमी आली, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. वाढलेल्या डोसच्या धास्तीने बाईंनी आणखी गोळ्या टाळल्या. डॉक्टरांना वाटे औषध पुरत नाही, बाईंना वाटे डॉक्टर मुद्दाम वाढवतात. त्यात घरच्यांनी समोर बसून सगळ्या गोळ्या द्यायला सुरुवात केली असती, तर तोच डोस अंगावर आला असता. उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं ही लिथियमची विषबाधा असू शकते आणि ती जिवावर बेतू शकते.

"पण खरं सांगितलं तर डॉक्टर ओरडतील." ओरडतीलही. गोळ्या चुकल्याचं ऐकून चिडणारे डॉक्टर असतात आणि ते मला मुळीच पटत नाही, कारण रागावल्यावर पेशंट पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकतो. तरीही अर्धवट माहितीवर डोस ठरत राहणं जास्त धोक्याचं. म्हणून पहिलं वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून बसवलं: "डॉक्टर, मी काही गोळ्या चुकवल्या आहेत. का, ते मला सांगायचं आहे."

"साइड इफेक्ट होतात" एवढ्याने डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. म्हणून थरथर कागदावर दिसावी यासाठी बाईंनी रोज सकाळी आणि संध्याकाळी एकाच पेनने एक चक्री काढली, शेजारी वेळ आणि गोळी घेतली की नाही ते लिहिलं. काही चक्र्यांची रेघ करवतीसारखी दातेरी होती. हे लिहिताना आणखी एक गोष्ट बाहेर आली: डोकं दुखलं की त्या स्वतःच आयबुप्रोफेन घेत. या गोळीने रक्तातलं लिथियम वाढू शकतं. डॉक्टरांना याची कल्पनाच नव्हती.

सोबत एक प्रश्न लिहून दिला: "औषध कमी केलं तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. काही वर्षांपूर्वी बाईंनी लिथियम एकदम बंद केलं होतं आणि त्यानंतर त्यांना दाखल करावं लागलं होतं. अचानक थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका खरोखरच वाढतो. डॉक्टरांच्या "नाही"मागे हे होतं, पण ते एकदाही बोलले नव्हते.

त्या भेटीत आयबुप्रोफेन थांबलं. लिथियम पूर्वीच्या डोसवर आणून, गोळ्या नियमित झाल्यावर रक्ताची तपासणी पुन्हा करायचं ठरलं. ओलान्झापिन टप्प्याटप्प्याने कमी होतंय. थरथर कमी झाली, गेली नाही. बाईंना आजही लिथियम नको आहे आणि डॉक्टरांना ते पटत नाही, पण हा वाद आता त्यांच्यासमोर बसून होतो.

एवढं करूनही डॉक्टर ऐकत नसतील, तर दुसरं मत जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. जाताना सगळी प्रिस्क्रिप्शन आणि रक्ताचे रिपोर्ट न्या, आणि नवे डॉक्टर सांगेपर्यंत चालू औषध मनाने सोडू नका. वर सांगितलेली विषबाधेची लक्षणं दिसली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता, पुढची गोळी घेण्याआधी थेट रुग्णालय गाठा.