बिनकंठाचा पोपट कोण?

प्रश्न : आमच्या खिडकीसमोरच्या वाळलेल्या झाडाच्या ढोलीत महिनाभर पोपटांची जोडी ये-जा करतेय. एकाला कंठ आहे, दुसऱ्याला नाही, मग या दोन वेगळ्या जाती का? खाली लाकडाचा भुसा पडतो, त्यामुळे पोपट झाड पोखरून पाडतील म्हणून ते तोडायचं चाललंय. खरंच पडेल का?

उत्तर : आधी एक विनंती, पिल्लं उडेपर्यंत तरी कुऱ्हाड थांबवा. जात एकच आहे. गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो तो नर, मादीला कंठ नसतो. पण बिनकंठाचा म्हणजे मादीच असंही नाही, कारण नरालाही कंठ यायला साधारण तीन वर्षं लागतात, तोवर तो आईसारखाच दिसतो. (आपण राघू-मैना म्हणतो, पण मैना काही राघूची बायको नाही, ती साळुंकीच्या कुळातली, आणि ढोलीवरून साळुंक्या पोपटांशी चक्क भांडतात.)

आता भुशाचं. पोपटाची चोच कितीही दणकट दिसली तरी सुतार पक्ष्यासारखं टणक खोड कोरणं त्याला जमत नाही, तो सुतार नाहीतर तांबट पक्ष्याने सोडलेलं बीळ बघतो किंवा कुजून झालेली पोकळी, आणि तिच्या कडा कुरतडून आपल्या मापाची करून घेतो, तो भुसा त्याचाच. झाड आतून आधीच कुजलेलं असतं, पोपटाने नाही कुजवलं. म्हणून तर वाळकं झाड गेलं की त्यांचं घरच जातं, नवं बांधायचं त्यांच्या हातात नसतं. जुन्या भिंतीतली भोकंही चालतात त्यांना, पण ती तरी आता कुठे उरलीत? झाड रस्त्यावर कललं असेल तर फांद्या उतरवा आणि खोड तेवढं ठेवा.

थोडं लांबून बघत राहा. मादी ढोलीतून नुसतं डोकं बाहेर काढते, नर शेजारी येऊन मान वरखाली हलवत पोटातलं मऊ झालेलं अन्न वर आणतो आणि तिच्या चोचीत देतो. अंडी बहुधा तीन ते पाच, पांढरी. तीनेक आठवडे मुख्यतः तीच उबवते आणि तिचं जेवण तो आणतो. अंडी एकदम नाही तर अंतराने घातलेली, त्यामुळे पिल्लंही लहानमोठी निघतात, उघडी आणि डोळे मिटलेली. साधारण सात आठवड्यांनी बाहेर पडतात.

प्रश्न : आणि पिल्लू खाली पडलं तर घरात आणून वाढवू का?

उत्तर : नको. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि पोपटाची भाषा कळपात ऐकून ऐकून येते, ती पिंजऱ्यात कोण शिकवणार? पिसं नसलेलं पिल्लू असेल तर हळूच ढोलीत परत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. हात पोचत नसेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून ठेवा आणि वन विभागाला कळवा. पिसं आलेलं असेल तर मांजर पोचणार नाही अशा उंच फांदीवर बसवून बाजूला व्हा. दूध अजिबात पाजू नका, पक्ष्यांना ते पचत नाही. जवळच कुठेतरी किंचाळणं ऐकू आलं तर समजा आईबाप आलेत, मग तुम्ही खिडकीतून मागे सरका.