त्यांचा पहिला नकार

प्रिय मैत्रिणी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा दोनदा वाचला. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, चिमाल्तेनांगोच्या डोंगरातली नऊ गावं, एक स्थानिक भागीदार संस्था, तीन वर्षं. मन लावून लिहिलं आहेस. पण 'दरमहा गावसभा, किमान साठ जणांची हजेरी, सह्या व फोटोंसह' या ओळीपाशी मी थांबले. ग्वातेमालात कामाला गेले तेव्हा हीच ओळ मीही लिहिली होती. म्हणून आधी तिच्याबद्दल.

दुसऱ्याच सभेतली गोष्ट. एक आजी दोन तास मन लावून ऐकत होत्या. शेवटी हजेरीची वही त्यांच्यापर्यंत आली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात शालीत ओढून घेतले. मी शाईचं पॅड पुढे केलं, हसून आग्रह केला. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत, त्यांच्या शेजारच्या चौघीही आल्या नाहीत. भागीदार संस्थेतल्या, काक्चिकेल या तिथल्या आदिवासी समाजातल्या मुलीने मला परतीच्या बसमध्ये सांगितलं, "आमच्या लहानपणी यादीत नाव असलेली माणसं रात्री घरातून नेली जायची." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिथलं यादवी युद्ध १९६० ते १९९६, छत्तीस वर्षं चाललं. सत्यशोधन आयोगाचा अहवाल १९९९ साली आला. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली असा त्याचा अंदाज आहे. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, म्हणजे काक्चिकेलांसारख्या मूळनिवासी समाजांतले होते. सरकारी दलांनी केलेली ६२६ हत्याकांडं आयोगाने नोंदवली. आणि गावागावांत निवडून कोण मारलं गेलं, हे नीट लक्षात ठेव: सहकारी सोसायटीचे पुढारी, आरोग्यसेवक, चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारे गावकरी, शेतीचे प्रोमोतोर (शेजाऱ्यांना शेती शिकवणारे गावकरी). म्हणजे गावाला एकत्र बसवणारे. आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो, त्यासाठी या लोकांनी जीव गमावले आहेत. तू साठ सह्या मागशील तेव्हा समोरच्या बाईच्या मनात काय उठेल, ते तुला तिच्या चेहऱ्यावर दिसणार नाही. ती मान डोलावेल, "सी, एस्ता बिएन" (हो, ठीक आहे) म्हणेल, आणि घरी जाईल.

या 'हो'ला फसू नकोस.

म्हणून भागीदार संस्था हवी. आपल्या विकासकामाच्या क्षेत्रात पुष्कळ जण तिच्याकडे ठेकेदार म्हणून बघतात: पैसे आपले, काम त्यांचं, अहवाल आपल्याला. खरं तर कोणत्या घरी आधी जायचं, कोणाला कोणासमोर बसवायचं नाही, कुठल्या गावात ज्याने माणसं दाखवून दिली तो आणि ज्याचा भाऊ गेला तो एकाच नळावर पाणी भरतात, हे त्या संस्थेतल्या चार-पाच माणसांना ठाऊक असतं. ते कुठल्याही फॉर्मात भरून मिळत नाही, आणि मागूही नये. संस्था म्हणाली, "या गावात अजून सभा नको," तर कारण न विचारता थांबायला शीक.

आता चिमाल्तेनांगोतल्याच सान मार्तीन हिलोतेपेकेबद्दल, कारण तू तिथून जवळच राहणार आहेस. १९७२ साली वर्ल्ड नेबर्स आणि ऑक्सफॅम या परदेशी मदतसंस्थांनी तिथे काक्चिकेल शेतकऱ्यांबरोबर काम सुरू केलं. उताराची जमीन, माती धुपून गेलेली, मक्याचं उत्पन्न हेक्टरी ४०० किलोच्या आसपास. त्यांनी फार थोड्या गोष्टी हातात घेतल्या: समतल चर, कडेला गवताची ओळ, खत. तेही आधी छोट्या तुकड्यावर करून बघायचं. पीक उभं राहिलं की ज्याचं त्याने शेजाऱ्याला सांगायचं, आपल्या भाषेत, आपल्या बांधावर उभं राहून. शिकवणारे हळूहळू गावचेच झाले. १९७९ ला कार्यक्रम संपला तेव्हा उत्पन्न हेक्टरी २,५०० किलोवर गेलं होतं. मग युद्धाचा सगळ्यात भयंकर काळ आला. प्रोमोतोर मारले गेले, काही मेक्सिकोत पळाले आणि तिथल्या शेतकऱ्यांना शिकवू लागले. १९९४ साली पुन्हा मोजलं, तर आकडा ४,५०० च्या घरात! मूळची बरीच तंत्रं तोवर मागे पडली होती. त्यांच्या जागी शेतकऱ्यांनी स्वतः शोधलेली आली होती. करून बघायची सवय मात्र टिकली होती. तुझ्या आराखड्यात अकरा तंत्रं आहेत. दोन ठेव.

याच भागात ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे भूकंप झाला. देशभरात सुमारे तेवीस हजार माणसं गेली. मदतीचा पूर आला, फुकट धान्यही आलं. पण त्या वर्षी मका चांगला पिकला होता. शेतकऱ्याला तो विकून घर बांधायचं होतं, आणि फुकटच्या धान्याने भाव पाडल्याची त्यांची तक्रार होती. छपराचे पत्रे मात्र वर्ल्ड नेबर्स-ऑक्सफॅमने स्थानिक सहकारी संस्थेमार्फत कमी किमतीत विकले. विकले, वाटले नाहीत. तुला हे कठोर वाटेल. मला आता वाटत नाही; विकत घेणारा माणूस पत्रा वाजवून बघतो, नको असेल तर परत ठेवतो.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तुला ठाऊकच आहेत. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका करणारं त्यांचं काम १९७० साली सुरू झालं. चिमाल्तेनांगोत डॉ. कॅरोल बेऱ्होर्स्ट हे अमेरिकन डॉक्टर १९६० च्या दशकापासून हेच करत होते, गावाने निवडलेल्या माणसांना शिकवून. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरच्या अशा प्रयोगांचं संकलन काढलं, त्यात या दोन्ही कामांवरचे लेख आहेत. तिथल्या जुन्या आरोग्यसेवकांना जामखेडबद्दल सांग, ते तासभर प्रश्न विचारतील. पण 'आम्हीही गरीब देशातून आलो' म्हणून लगेच जवळीक गृहीत धरू नकोस. त्यांच्यासाठी तू डॉलर घेऊन आलेली बाई आहेस.

ऊसतोडीचं मात्र तुला कोणी समजावून सांगायला नको. नोव्हेंबर लागला की डोंगरातली कुटुंबं दक्षिण किनाऱ्यावरच्या उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांकडे उतरतात. बीड-आष्टीकडचंच चित्र. तरी तुझी मोठी प्रशिक्षणं जानेवारीत आहेत. ती हलव.

भाषेचं लक्षात ठेव. ग्वातेमालात बावीस माया भाषा आहेत, आणि त्यांना कोणी 'बोली' म्हटलेलं लोकांना लागतं. स्पॅनिशमध्ये सभा घेतलीस तर चार पुरुष बोलतील. सभा काक्चिकेलमध्ये होऊ दे, तू मागे बस, तुला निम्मं कळलं तरी चालेल. दुभाषी बाईच असू दे, आणि तिच्या दिवसाचे पैसे अंदाजपत्रकात घाल. तिथेच संस्थेचं भाडं, हिशेबनिसाचा पगार आणि कार्यालयाचं वीजबिलही घाल. अहवाल इंग्रजीत मागू नकोस. भाषांतर तुझं काम. आणि त्यांची सगळ्यात हुशार मुलगी जास्त पगार देऊन आपल्याकडे ओढू नकोस. माझ्या वेळच्या एका देणगीदाराने ते केलं, आणि दोन वर्षांत ती छोटी संस्था बंद पडली. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली ती हीच मुलगी.

पहिल्या वर्षाअखेर दाखवायला काय असेल, असं तू विचारलंस. कदाचित दोन चर, एक पाण्याची टाकी आणि सह्या नसलेल्या बऱ्याच सभा. वरिष्ठांना काय सांगायचं ते आपण दोघी बसून लिहू. पण संस्थेतलं कोणी, किंवा गावातली एखादी आजी, तुझ्या तोंडावर स्पष्ट 'नाही, हे आम्हाला नको' म्हणेल, त्या दिवशी रात्री कितीही उशीर झाला तरी मला पत्र लिही. मी वाट बघेन.

तुझी,
मावशी