दीड हजारात इन-इअर घ्यायचेत? आधी रबर बघा, मग कंपनी

तुमचा प्रश्न असा: डोंबिवली ते दादर रोजची लोकल, खिशाला परवडतील ते जास्तीत जास्त १५०० रुपये, ऐकायला जुनी भावगीतं, थोडं शास्त्रीय आणि पॉडकास्ट. मग वायरवाले इन-इअर (कानाच्या नळीत घालायचे इअरफोन) घ्यावेत की ब्लूटूथ, आणि कोणते?

मी बदलापूरहून बारा वर्षं जा-ये करतेय. घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात एका कानाने बहिरे झालेले सात इअरफोन पडलेत. माझं शिक्षण त्या डब्यातच झालं.

सरळ सांगते: वायरवाले घ्या, केबल काढता-घालता येणारे घ्या, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांच्या रबरी टोप्यांवर, म्हणजे इअरटिप्सवर घालवा. कंपनी कोणती, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

इन-इअरचा खर्ज कानाच्या नळीत हवा कोंडली तरच येतो. टोपीच्या कडेला केसाएवढी फट राहिली की खालचे सूर निसटतात आणि उरतो तो डबा बडवल्यासारखा आवाज. ऑनलाइन दुकानात एकाच मालाखाली "भन्नाट बास" आणि "बास अजिबात नाही" असे दोन शेरे शेजारी शेजारी दिसतात ना, तेव्हा दोघंही बहुतेक खरंच बोलत असतात. फरक दोघांच्या कानांत आहे.

घरी आल्यावर हे करून बघा. एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हाताने इअरफोन किंचित पिरगळत आत सरकवा, मग पाळी सोडा. तोंड मिटून "म्" असा लांब हुंकार द्या. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा आपलाच आवाज डोक्यात घुमला, तर नीट बसलंय. एका बाजूला घुमतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर त्या बाजूची टोपी बदला. खोक्यात लहान, मधली, मोठी अशा जोड्या असतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं कुणी सांगितलंय? माझ्या उजव्या कानाला मधली लागते, डाव्याला लहान. हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोवर डावा बिघडलाय म्हणून मी चांगले दोन सेट बदलून आणले होते. दुकानदाराने काय म्हटलं असेल मनात, देव जाणे.

खोक्यातल्या टोप्या बसल्याच नाहीत तर फोमच्या घ्या. बोटांत चुरगळून कानात घालायच्या, आत जाऊन फुगतात. बाहेरचा आवाज छान अडवतात, पण घाम आणि मळही शोषतात, आणि काही महिन्यांत फेकाव्या लागतात.

आता हे सगळं लोकलसाठी का महत्त्वाचं? रुळांचा खडखडाट, पंखे, चौथ्या सीटवरचं भांडण, या सगळ्याच्या वर गाणं न्यायचं म्हणून आपण व्हॉल्यूम चढवत जातो. कानाला धोका नको तर किती ऐकावं, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचा प्रवास रोज दोन तास धरला तरी आठवड्याचे दहा-बारा होतातच. टोपी नीट बसली की बाहेरचा गोंगाट मुळातच कमी पोचतो आणि आवाज दोन-तीन टप्पे खाली आणूनही शब्द कळतात. फक्त फलाटावर एक कान मोकळा ठेवा. माझी एक जलद गाडी अशीच गेली. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली, सगळा जमाव पुलाकडे पळाला, आणि मी आपली मारव्यात.

आवाजाच्या गुणाबद्दल. माझी पहिली जोडी खोक्यावर मोठ्या अक्षरात "एक्स्ट्रा बास" लिहिलेली होती. ढोल-ताशाला उत्तम! पण विलंबित ख्याल लावला की डग्गा असा पसरायचा की गायकाचा खालचा षड्ज त्याच्याखाली गाडला जायचा, आणि तंबोरा तर कुठे दिसायचाच नाही. तुमचं ऐकणं गाण्या-बोलण्याचं आहे, त्यामुळे मधले सूर स्वच्छ असलेली जोडी हवी. तपासायला तुमच्या पाठ असलेलं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावा आणि तीनच गोष्टी ऐका. मागचा तंबोरा सलग ऐकू येतो का? तबल्याची चाट टोचते का? आणि गाणाऱ्याचा श्वास घेतलेला कळतो का? चाट टोचत असेल तर तासाभरात डोकं दुखणार, हे पक्कं.

खोक्यावरच्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. "५ ते ४०,००० हर्ट्झ" लिहिलेलं असतं. माणसाला ऐकूच २०,००० पर्यंत येतं, आणि वय वाढेल तसं वरचं आणखी कमी. ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) किती, हेही तसंच. या किमतीत एकच ड्रायव्हर नीट जुळवलेला असेल तर तो चार कोंबलेल्यांपेक्षा बहुधा बरा वाजतो. इम्पीडन्स, म्हणजे इअरफोनचा विजेला होणारा अडथळा, १६ ते ३२ ओहम असला की कुठलाही फोन तो चालवतो. संपलं.

नावं हवीच असतील तर माझ्या वापरातली सांगते. केझेडचा ईडीएक्स प्रो स्वस्तातला, बास आणि वरचे सूर चढे, मध्य थोडा मागे; पॉडकास्टला ठीक, ख्यालाला माझा नंबर दोन. टँगझूचा वान-अर (वानर नव्हे! चीनच्या तांग काळातल्या एका कवयित्रीचं नाव आहे ते) गायकाच्या आवाजाला फार गोड. तुमच्यासाठी माझी पसंती हीच. मूनड्रॉपचा चू २ त्याहून नेटका आणि धातूचा आहे, पण कदाचित बजेटच्या थोडा वर जाईल; सेल लागेपर्यंत थांबा. या तिन्हींची केबल सुटी होते. इअरफोनचा जीव जातो तो बहुतेक वेळा जॅकपाशी नाहीतर दोन वायरी फुटतात त्या जागी. केबल सुटी असेल तर थोडक्या पैशात नवी घालून मूळ वस्तू चालू राहते. माझ्या डब्यातल्या सातांपैकी पाच असेच वाचले असते. मागवताना "माइकसह" आहे ना ते बघा, बिनमाइकचेही मिळतात. आणि स्टेशनबाहेरच्या पथारीवर मोठ्या नावाचा माल दोनशेत मिळतोय म्हणून भुलू नका. मी भुललेय. तिसऱ्या दिवशी छाप पुसली गेली आणि खाली दुसरीच छाप निघाली.

तुमच्या फोनला वायरवाला इअरफोन लावायचं ३.५ मिमीचं भोक आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर टाइप-सीचा छोटा ॲडॉप्टर लागेल, तो बजेटमध्ये आधीच धरा. यातली गोम अशी की अगदी स्वस्त ॲडॉप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, आत डीएसी चिप (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी) नसते, आणि पुष्कळ फोनवर ते मुकेच राहतात. वर्णनात "डीएसी" लिहिलेलं बघूनच घ्या. ॲपलचा छोटा ॲडॉप्टर चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो.

वायरीची कटकट खरी आहे, नाकारत नाही. लेडीज डब्यात दारापाशी उभी असताना माझी केबल एकदा एका मावशींच्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीत अडकली आणि ठाण्याला त्यांच्याबरोबर मीही अर्धी उतरले. तेव्हापासून वायर कानावरून मागे वळवून कपड्याच्या आतून खाली घेते. त्याचा दुसरा फायदा म्हणजे कापडावर घासून येणारी खरखर कानात पोचत नाही.

मग ब्लूटूथ का नको? नकोच असं नाही. पण दीड हजारातला बराचसा पैसा बॅटरी, चिप आणि डबीत जातो, आवाजाला थोडा उरतो. ती चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बदलता येत नाही. दादरच्या पुलावर एवढी माणसं, एवढी ब्लूटूथं, की गाणं मधेच तुटतं. आणि गाडी व फलाटाच्या फटीत पडलेली कळी परत आणायला कोण जाणार? दिवसभर फोनवर बोलणं असेल, तर मात्र ब्लूटूथचीच सोय जास्त.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. सहा महिन्यांनी एका बाजूचा आवाज बसला तर लगेच फेकू नका. टोपी काढा आणि तोंडाशी असलेली बारीक जाळी उजेडात बघा. मळाने बुजलेली असते. तोंड खाली धरून सुक्या मऊ ब्रशने हलकेच झाडा, पाणी लावू नका. रबरी टोप्या मात्र साबणाने धुवा, पूर्ण वाळवूनच परत घाला, विशेषतः पावसाळ्यात. ओल्या कानात बुरशी धरते, आणि मग कानाच्या डॉक्टरची फी नव्या इअरफोनएवढी होते.