ऑफिसातून मेल जातो, घरून का अडतो?

प्रश्न : आमचा सुताचा व्यापार आहे. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर आहे, लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम. ऑफिसातून सगळं सुरळीत चालतं. घरून लॅपटॉपवर बाहेरच्या गिऱ्हाइकाला मेल टाकला की '५५४ ५.७.१ रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' (मेल पुढे दुसरीकडे पाठवायला, म्हणजे रिलेला, नकार) येतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला मात्र पोचतो. पासवर्ड बरोबर आहे, कारण आलेले मेल दिसतात. सर्व्हर बसवणारे म्हणतात, 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे सर्व्हरने आपले मानायच्या पत्त्यांच्या यादीत, ०.०.०.०/० टाकू, कटकट मिटेल. टाकू द्यावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुळीच नको. टाकलं असेल तर आजच काढायला लावा. त्या नोंदीचा अर्थ, जगातला कुठलाही संगणक आपल्याच ऑफिसातला. असे उघडे सर्व्हर स्पॅमवाले हुडकतच असतात. मग तुमच्या सर्व्हरचा पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत जातो आणि तुमची खरी कोटेशनंही अडतात.

निदान तुमच्या पत्रातच आहे. सहकाऱ्याला मेल पोचतो, बाहेरच्याला नाही, म्हणजे सर्व्हर घरून येणाऱ्या तुम्हाला परका समजतो. परक्याकडून तो फक्त आपल्या डोमेनचं टपाल घेतो, आणि ते बरोबरच आहे. ऑफिसात तो १९२.१६८ने सुरू होणारा आतल्या नेटवर्कचा पत्ता बघून ओळखतो. घरून ओळख पासवर्डनेच पटवावी लागते. आलेले मेल दिसतात ते आयमॅपच्या, म्हणजे मेल वाचण्याच्या पद्धतीच्या, लॉगिनमुळे. पाठवण्याची पद्धत एसएमटीपी, तिचं लॉगिन वेगळं, आणि तेच राहून गेलेलं दिसतं.

लॅपटॉपवर जाणाऱ्या मेलच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ (मेल पाठवण्याचं दार), स्टार्टटीएलएस (सांकेतिक जोडणी) आणि ऑथेंटिकेशन (लॉगिन) चालू करा. सर्व्हरवर पोस्टफिक्सच्या 'मास्टर डॉट सीएफ' या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सबमिशन'च्या ओळीपुढे हॅश (#) असेल तर हे पोर्ट बंदच असतं. तो काढून पोस्टफिक्स रीलोड करायला सांगा. लॉगिन तपासायचं काम बहुतेक ठिकाणी डव्हकॉट हा दुसरा प्रोग्रॅम करतो, तो जोडलाय का तेही विचारा. घरून मेल गेला की मेल लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) 'क्लायंट'च्या ओळीत 'सॅसल युजरनेम' आणि तुमचं नाव आलं पाहिजे. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

कोणाचा मेल पुढे पाठवायचा याच्या नियमांचा क्रमही बघून घ्या, कारण पोस्टफिक्स वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम मानतो. आधी मायनेटवर्क्स, मग लॉगिन केलेले, मग बाकीच्यांना नकार. २०१३ सालच्या २.१० आवृत्तीपासून रिलेच्या नियमांची यादी वेगळी झाली. त्याआधीचं जुनं कॉन्फिगरेशन उतरवून घेतलं असेल, तर नकाराच्या वर 'ओके' देणारी एखादी यादी बसलेली असू शकते. तेवढ्यानेही दार उघडं राहतं.

राउटर मात्र जरूर तपासा, तिकडे सहसा कोणी बघत नाही. बाहेरून आलेल्या मेलच्या ओळीत लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा खरा पत्ता दिसायला हवा. त्याजागी दरवेळी १९२.१६८.१.१ किंवा तुमच्या राउटरचाच पत्ता दिसत असेल, तर राउटर प्रत्येक परक्याला ऑफिसचा पत्ता चिकटवून आत सोडतोय. राउटरची ती सेटिंग बंद होईपर्यंत मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८ (म्हणजे सर्व्हर स्वतः) ठेवा आणि ऑफिसातल्या संगणकांनाही लॉगिन करूनच मेल पाठवायला लावा.