मसल रिलॅक्संट गोळ्या रक्तवाहिन्यांतल्या डोपामिन रिसेप्टरवर काम करतात का?

बहुतेक नाहीत. तुमच्या वडिलांना पाठ धरल्यावर टिझानिडीन ही मसल रिलॅक्संट गोळी दिली, रात्री बाथरूमला उठताना घेरी आली, बीपी ९० वर आलं. हे डोपामिनमुळे (नसांमधलं एक निरोप्या रसायन) का, असं तुम्ही विचारलंय. मी कोथरूडला मेडिकल चालवतो. ‘मसलची गोळी द्या’ म्हणणाऱ्याला कुठलं मसल, हे बहुधा ठाऊक नसतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

टिझानिडीन अल्फा-२ रिसेप्टरवर बसते (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, औषध किंवा रसायन बसण्याची जागा). मणक्यातून स्नायूंना ‘आवळ’ म्हणणारे संदेश त्याने मंदावतात, पण सिंपथेटिक नसाही, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवणाऱ्या, ढिल्या पडतात आणि उभं राहताना बीपी घसरतं. बीपीची जुनी गोळी क्लोनिडीन तिच्याच घराण्यातली, यावरून काय ते समजा. त्यात कुणी जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतली, तर यकृतात टिझानिडीन मोडणारं एन्झाइम अडतं आणि रक्तातलं तिचं प्रमाण कितीतरी पटींनी चढतं. ही जोडी चालतच नाही. वडिलांच्या गोळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन आहे का, आधी बघा.

ऑपरेशनच्या वेळची अ‍ॅट्राक्युरियमसारखी इंजेक्शनं वेगळी. ती नस आणि स्नायूच्या जोडावर अ‍ॅसिटिलकोलीनची, म्हणजे स्नायूला निरोप देणाऱ्या रसायनाची, वाट अडवतात. अ‍ॅट्राक्युरियमने बीपी उतरलंच, तर ते शरीरातच सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे.

डोपामिनचे डी-१ रिसेप्टर मुख्यतः किडनीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्यांत असतात. सलाइनमधून मिनिटाला, किलोमागे १ ते ३ मायक्रोग्रॅम डोपामिन दिलं की त्या सैलावतात. १० च्या वर गेलं की अल्फा रिसेप्टर जागे होऊन उलट आवळतात. (‘किडनी वाचवायला थोडं डोपामिन’ ही आयसीयूतली लाडकी समजूत २००० सालच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत टिकली नाही.)

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे ते पोटात कळ आल्यावर घेतात त्या ड्रोटाव्हेरिनबाबत, किंवा पापाव्हेरिनबाबत. ही गुळगुळीत स्नायूंची औषधं, म्हणजे आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींची. डी-१ रिसेप्टर पेशीत सायक्लिक एएमपी वाढवतो, ते पेशीतलं निरोप्या रसायन, वाढलं की हे स्नायू सैलावतात. ही औषधं ते मोडणारं फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एन्झाइम रोखतात. टाकीत नळ सोडणं वेगळं आणि खालचं बूच लावणं वेगळं, पाणी दोन्हीकडून चढतं. डोपामिनचा परिणाम त्यांनी वाढू शकतो, तोही रिसेप्टरला न शिवता.

वडिलांना रात्री उठताना दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायला सांगा आणि डॉक्टरांना बीपीचे आकडे कळवा. बरेच दिवस मोठा डोस चालू असेल, तर गोळी मनाने एकदम बंद करू नका, बीपी उसळतं.