‘समोर असते तर जमलं असतं, पण फोनवर कसं सांगू?’

२०२० मध्ये रुग्णालयांत नातेवाइकांना येण्याची बंदी झाली, तेव्हापासून मृत्यूसारखी वाईट बातमी देण्याबद्दलचा हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखा येतो. विचारणारे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, कधी नुसता रिपोर्ट कळवायची जबाबदारी अंगावर पडलेला एखादा कर्मचारी असतो. बंदी उठली, पण प्रश्न काही उठला नाही. कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणाला रात्री तीन वाजता कळवावं लागतं.

त्यांतलीच एक तरुण डॉक्टर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अतिदक्षता विभागातल्या एका पेशंटच्या मुलीला तिने रात्री फोन करून वडील गेल्याचं कळवलं. पलीकडे मोबाइल खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग लहान मुलाचा आवाज, ‘आई, कोणाचा फोन आहे?’ डॉक्टरने थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. त्यानंतर वॉर्डातला रिसीव्हर उचलताना तिचा हात थरथरायला लागला.

“माझं वाक्य चुकलं, मॅडम,” पहिल्याच भेटीत ती म्हणाली. “बरोबर वाक्य कोणतं ते सांगा, मी पाठ करते.”

वाक्यं तिला कमी नव्हती. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली मांडली. जगभर ती शिकवतात आणि हिला तर ती तोंडपाठ होती. पण त्यातली पहिली पायरीच मुळी निवांत खोली, समोरासमोर खुर्च्या आणि नजरेला नजर. फोनवर नेमकी तीच नसते.

मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. माणूस सल्ल्याने सावरत नाही, आपल्याला कुणीतरी आतून समजून घेतंय हे जाणवलं की सावरतो, यावर माझा इतक्या वर्षांनंतरही ठाम विश्वास आहे. म्हणून मी तिला वाक्य दिलं नाही. तीन भेटी नुसतं ऐकलं.

चौथ्या भेटीत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. म्हटलं, “मी ती मुलगी. करा मला फोन.”

“मी अतिदक्षता विभागातून बोलतेय. रात्री बाबांचं बीपी खाली आलं, आम्ही औषधं वाढवली, ऑक्सिजनही उतरत होता, सीपीआर दिला, पण… नाही वाचवू शकलो.”

मी मुद्दाम गप्प राहिले. काही सेकंदांतच तिने पुन्हा बीपीपासून सुरुवात केली. मी तरीही गप्प. शेवटी तीही थांबली. मागून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“बाबांजवळ कोण होतं?” मी विचारलं.

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, “मी होते. हात धरला होता त्यांचा.”

“हे त्या मुलीला सांगितलंत?”

“नाही.” आणि ती रडायला लागली. “मी फोन ठेवला ना.”

त्या मुलीचं गप्प होणं हिला आरोपासारखं वाटलं होतं. समोर बसलेल्या माणसाच्या शांततेत त्याचा चेहरा तरी दिसतो. फोनवर तो दिसत नाही, मग आपल्याच मनातली भीती आपण तिथे बसवतो आणि आकडे सांगत सुटतो. मला हे त्या पाठमोऱ्या खुर्चीत जितकं लख्ख कळलं, तितकं कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नव्हतं.

आता कुणी विचारलं की मी फोनच्या आधीपासून सुरुवात करते. पेशंटचं नाव आणि नातं कागदावर लिहून समोर ठेवा. योग्य माणसाशीच बोलताय ना, याची खात्री करा. ‘तुम्ही गाडी चालवताय का? जवळ कुणी आहे का?’ हे विचारायलाच हवं. मग ‘मला वाईट बातमी सांगायची आहे’ म्हणा, क्षणभर थांबा, आणि एका वाक्यात सांगा. त्यात ‘मृत्यू’ हा शब्द असू द्या. तो कठोर वाटतो, मान्य. पण खरखरत्या लाइनवर नुसतं ‘गेले’ म्हटलं की पलीकडून ‘कुठे गेले?’ असं येतं, आणि मग तेच दुसऱ्यांदा सांगावं लागतं. व्हिडिओ कॉल असेल तर सांगताना कॅमेऱ्याकडे बघा. स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघितलं की पलीकडच्याला तुमची नजर खाली दिसते. व्हॉइस मेसेजवर तर ही बातमी कधीही ठेवू नका.

आणि मग थांबा. अधूनमधून एवढंच म्हणा, ‘मी फोनवरच आहे.’ या वेळी सांगितलेलं बरंचसं त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून आपला नंबर द्या आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन फोन करा. हा दुसरा फोन बहुतेक जण टाळतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दोनेक महिन्यांनी ती डॉक्टर पुन्हा भेटायला आली. परदेशातल्या एका मुलाला तिने आईच्या मृत्यूची बातमी फोनवर दिली होती. एकोणीस मिनिटांचा कॉल. त्यात ती जेमतेम चार मिनिटं बोलली असेल. शेवटी त्याने विचारलं, “आईजवळ कोण होतं?”

“मी नव्हते,” तिने सांगितलं. “आमच्या सिस्टर होत्या. थांबा, त्यांच्याकडे फोन देते.”